एक तोळा शिसं

गेल्या रविवारी सकाळी भाचेबुवांचा फोन आला. तिकडे पेनसिल्व्हेनियात शनिवारची रात्र. "मामा, गुडघा काय म्हणतो?" वगैरे झालं आणि मग साहेब हळूच मुद्द्यावर आले.

"मामा, अण्णाआजोबा ठासणीच्या बंदुकीत हरणासाठी कोणती गोळी घालायचे?"

मी चहाचा कप खाली ठेवला. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या बंदुकीबद्दल मला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारू नये असंच मला वाटत होतं. का, ते पुढे येईलच.

झालंय असं की, भाचेबुवा दोन वर्षांपासून तिथल्या मित्रांबरोबर शिकारीला जातात. यंदा त्यांनी चकमकीची बंदूक घेतली आहे. म्हणजे काडतूस नाही, टोपीसुद्धा नाही. घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो, तो पोलादावर आपटतो, ठिणगी पडते आणि बार उडतो. थेट आपल्या पेशवाईतली वस्तू! पेनसिल्व्हेनियात नाताळ झाल्यावर अशा बंदुकींचा एक खास मोसम असतो, 1974 पासून. त्या मोसमात बंदूक चकमकीचीच हवी, नळी पॉइंट चव्वेचाळीस किंवा त्याहून मोठी हवी आणि एका बाराला एकच गोळी हवी. छर्रे चालत नाहीत. बरोबरचे मित्र दहा तऱ्हेचे सल्ले देतायत. कुणी म्हणतं लांबट गोळी घे, कुणी म्हणतं गोलच बरी. कुणी म्हणतं शिसं नकोच. म्हणून मामाला फोन.

हा फोन ठेवतो न ठेवतो तोच धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, त्याने तुला विचारलं ना? तू त्याला समजाव. अण्णांनी शेवटी सोडलं होतं, हे सांग त्याला."

आता आली का पंचाईत! एकाला गोळी सांगायची आहे, एकीला गोळी सांगू नको असं सांगायचं आहे. फोनवर काही जमेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाकीच्या नातेवाईक मंडळींनाही अण्णांची ही बाजू फारशी माहीत नाही. ब्लॉगवाल्या मित्रांना विषय जरा विचित्र वाटेल, पण गोड मानून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही परवाना काढून शिकार करण्याची थोडी वाट उरली होती, ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. चितळ, सांबर, भेकर, चिंकारा, काळवीट, कशालाच हात लावायचा नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एकतर 1972 च्या आधीचं आहे, नाहीतर साता समुद्रापलीकडचं. आपल्या जंगलाला त्यातलं काही लागू नाही.

तर अण्णांची बंदूक. हरसूलच्या बाजूला आमची थोडी भाताची आणि नागलीची जमीन होती. रानडुकरं पिकाची नासाडी करत, म्हणून परवाना मिळालेला. परवान्यावर इंग्रजी अक्षरं होती, एस.बी.एम.एल. त्याचा अर्थ एका नळीची, तोंडाकडून ठासायची बंदूक. नळी आतून गुळगुळीत, सोळा बोअरची. हे 'बोअर' प्रकरण अण्णांनी मला फार छान समजावलं होतं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या सोळा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोब्बर बसेल ती सोळा बोअरची नळी. बारा गोळ्या केल्या तर गोळी मोठी होते आणि नळीही मोठी, ती बारा बोअर. म्हणजे आकडा लहान तेवढी बंदूक मोठी. लहानपणी हे उलटं गणित ऐकून मला फार गंमत वाटायची.

गोळ्या घरीच ओतायचे. लोखंडी साचा होता, हुबेहूब अडकित्त्यासारखा दिसणारा. आमची आत्या एकदा त्याने सुपारी कातरायला बसली होती! शिसं साधारण 327 अंशांना वितळतं, त्यामुळे चुलीच्या निखाऱ्यावर काम भागायचं. आम्हा पोरांना त्या वेळी जवळ यायला बंदी. गोळी थंड झाली की तिचं शेपूट कापायचं आणि सगळ्या गोळ्या एका डबीत घालून अण्णा नाशिकला घेऊन यायचे. कशाला? तर वजन करायला! सराफ बाजारात त्यांच्या ओळखीचे एक सोनार होते. ते दुपारच्या निवांत वेळी आपल्या काट्यावर एकेक गोळी टाकून बघायचे. गोळी साधारण दोन तोळ्यांची भरली पाहिजे. जी हलकी भरेल तिच्या पोटात हवा राहिलेली आहे असं समजायचं. बाहेरून कितीही गुळगुळीत दिसली तरी ती गोळी वाकडी जाणार. ती परत वितळवायच्या डब्यात. सोनार हसायचे, "मास्तर, सोन्याला एवढं जपत नाही हो कुणी." अण्णा शाळेत गणित शिकवायचे, हे वेगळं सांगायला नकोच.

एकदा छापखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या मित्राने पिशवीभर जुने खिळे आणून दिले. टाइपाचे खिळे म्हणजे शिसंच, फुकटात मिळालेलं. अण्णांनी ते परत केले. कारण खिळ्यांच्या शिशात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असतं, ते कडक असतं. हरणासाठी गोळी मऊ हवी, शुद्ध शिशाची. मऊ गोळी अंगात शिरली की चपटी होते, रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. कडक गोळी आरपार निघून जाते आणि जनावर घायाळ होऊन पळतं. हत्ती-गव्यासारख्या जाड कातडीच्या जनावरांसाठी जुने शिकारी शिशात मुद्दाम कथील मिसळून ते कडक करत. हरणासाठी तसं करायचं काही कारण नाही.

भाचेबुवा, हे झालं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मऊ शिसं आणि काट्यावर तोललेली गोळी.

आता आकार. तुझी नळी अर्ध्या इंचाची, पॉइंट पन्नास. तिच्यात गोळी किंचित लहान बसते, पॉइंट एकोणपन्नास. उरलेली फट तेल लावलेली चिंधी भरून काढते आणि नळीतल्या पिळाला तीच चिंधी धरते. त्या गोळीचं वजन मी काढलं, ते सुमारे साडेअकरा ग्रॅम भरतं. म्हणजे आपल्या जुन्या हिशोबात जवळजवळ बरोब्बर एक तोळा. पॉइंट पंचेचाळीसच्या बंदुकीत बसणारी गोळी आठ ग्रॅमच्या आसपास आणि पॉइंट चोपन्नची साडेचौदा. बघ, या शेवटच्या दोन गोळ्यांच्या व्यासात फरक पाचव्या हिश्श्याचा, पण वजनात पाऊणपट. गोल वस्तूचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, त्याची ही करामत. अण्णांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं असतं. म्हणून तुझी एक तोळ्याची गोळी तुमच्या तिकडच्या हरणाला पुरेशी आहे, पण त्याहून लहानाच्या वाटेला जाऊ नकोस.

लांबट की गोल? हा वाद तुझ्या मित्रांनी उकरला म्हणतोस, पण तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि आपल्या उशाशी असलेल्या सातपुड्यातसुद्धा तो झालेला आहे. जेम्स फोर्सिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या 1871 च्या पुस्तकामुळे त्याचं नाव राहिलं. त्याआधी 1863 मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्या वेळी सगळीकडे लांबट, टोकदार गोळीचं वारं सुटलं होतं, कारण ती लांबवर जाते. फोर्सिथने उलट बाजू घेतली. त्याचं म्हणणं असं की, आपल्या जंगलात नेम जवळूनच धरायचा असतो. मग नळीला पीळ अगदी सैल ठेवा, 104 इंचांत एक फेरा. गोळी गोलच घ्या आणि दारू भरपूर घाला. गोळी वेगाने, सरळ जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही.

तू तुझ्या बंदुकीचा पीळ 66 इंचांत एक फेरा असा सांगितलास. म्हणजे ती गोल गोळीसाठीच बनवलेली आहे. लांबट गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. तेव्हा गोलच घे. वाद मिटला.

पण... (हा 'पण' महत्त्वाचा आहे.)

गोल गोळी हवा फार कापत नाही, हवाच तिला अडवते. नळीतून दणदणीत वेगाने निघालेली तुझी गोळी शंभर यार्डांवर पोचेपर्यंत जवळजवळ निम्म्या वेगावर येते. आणि वेग निम्मा झाला म्हणजे जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. एक तोळा शिसं पन्नास पावलांवर वेगळं असतं आणि शंभर पावलांवर वेगळं. काटा दोन्हीकडे तेच वजन दाखवेल, पण हरणाच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या गोळ्या आहेत. माझं तर स्पष्ट मत आहे की, ठासणीच्या बंदुकीत गोळीची निवड ही दुय्यम गोष्ट आहे. खरी निवड अंतराची. तुझे मित्र गोळीवर तासन् तास बोलतात, कारण गोळी दुकानात मिळते. अंतर दुकानात मिळत नाही, ते पायांनी आणि धीराने मिळवावं लागतं.

हे मी एवढ्या ठासून का सांगतोय, ते आता लिहितो. लिहायला जड जातंय.

1968 ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी नऊ वर्षांचा. नागलीच्या खाचरात भेकरं येत होती. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं, आपल्या पश्चिमेकडच्या जंगलातलं. अण्णांकडे त्या वर्षीचा शिकारीचा परवाना होता, तो वेगळा काढावा लागे. संध्याकाळी निघताना त्यांनी मला सांगितलं, "कोनाड्यातली गोळ्यांची डबी घे." मी घेतली. तिथे दोन डब्या होत्या, सारख्याच पत्र्याच्या. मी उघडून बघितलं नाही. खेळायच्या नादात होतो, उचलली आणि पळालो.

बांधावर पोचल्यावर अण्णांनी डबी उघडली. आत तित्तर-सशासाठीचे बारीक छर्रे. घर मैलभर लांब, उजेड जेमतेम अर्धा तास राहिलेला. अण्णा काही बोलले नाहीत. थोडा वेळ डबीकडे बघत राहिले. मग दारू घातली, चिंधी ठासली, त्यावर मूठभर छर्रे, वर परत चिंधी. गज बाहेर काढून त्यावरची खूण बघितली. बार नीट तळाला बसला आहे की मध्ये फट राहिली आहे, ते त्या खुणेवरून कळतं. फट राहिली तर नळी फाटण्याची भीती. त्यात त्यांनी कधीच हयगय केली नाही, त्या दिवशीसुद्धा नाही. घोड्याखाली टोपी बसवली आणि आम्ही बसलो.

भेकर आलं. पावलं मोजायची अण्णांची सवय मलाही लागलेली. पन्नासाच्या वर होती. छर्ऱ्यांना वीस फार झाली. अण्णांना हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी चाप ओढला. का, ते मला आजही कळलेलं नाही. नवा परवाना होता, दिवस बुडत होता, शेजारी पोरगा आशेने बघत होता... काहीही असेल.

धूर निवळला तेव्हा भेकर उठून पळत होतं, मागचा पाय ओढत. ओरडत होतं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

अण्णांनी त्या रात्री कंदील घेऊन शोधलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून शोधलं. मीही बरोबर होतो. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत दिसले, पुढे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लांब टेकाडापलीकडे गिधाडं उतरताना दिसली, तेव्हा आम्हाला जागा कळली. अण्णा एकटेच वर गेले, मला खाली थांबवलं. आल्यावर म्हणाले, "चल." बस्स.

वाटेत मी रडत म्हटलं, "मी चुकीची डबी आणली." अण्णा थांबले. म्हणाले, "डबी तू आणलीस. बार माझा होता." पुन्हा या विषयावर ते कधी बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी हरणावर बंदूक धरली नाही. रानडुकरं हाकलायला नुसता दारूचा बार काढायचे. 1972 चा कायदा आला तेव्हा आमच्या घरात काहीच बदललं नाही. पुढे अण्णा गेल्यावर बंदूक आम्ही पोलिसांत जमा केली.

म्हणून सांगतो, बहिणीचं म्हणणं खरं आहे. अण्णांनी सोडलं होतं. पण ताईसाहेब, तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात, का सोडलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. अण्णांनी 'शिकार वाईट' असं ठरवून सोडलं नव्हतं. जे अंतर, जी गोळी आपली नाही, तिच्यावर आपण चाप ओढला, हे त्यांना स्वतःचं सहन झालं नाही. हा हिशोब त्यांचा होता. तो मी पोराच्या गळ्यात 'सोड' म्हणून कसा बांधू?

शिवाय तिथली गोष्ट वेगळी आहे. पेनसिल्व्हेनियात लांडगे आणि मोठी मांजरं माणसाने कधीच संपवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हरणंही जवळजवळ संपली होती. मग 1895 मध्ये त्या राज्याने शिकारीवर देखरेख करणारं खातं काढलं, दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली, नियम केले. आज ती भरपूर आहेत आणि किती मारायची ते खातं ठरवतं. आपल्याकडे ममदापूरला जाऊन बघा. येवल्याच्या त्या माळरानावर काळविटं आहेत, ती राखून ठेवावी लागतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकतात, रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात, विहिरीत पडतात. नाशिक शहराला लागून बोरगडचं जंगल 2008 मध्ये राखीव संवर्धन क्षेत्र झालं, राज्यातलं ते पहिलं. म्हणजे आपण अजून राखण्याच्याच पायरीवर आहोत. तिथे परवाना योग्य, इथे बंदी योग्य. दोन्ही कायद्यांत मला विरोध दिसत नाही.

मी दर हिवाळ्यात ममदापूरला एक चक्कर मारतो. काळवीट दिसलं की अजूनही मनात पावलं मोजली जातात. दीडशे... एकशे वीस... आणि मग ते मान वर करतं, आणि मला बरं वाटतं की मोजण्यापलीकडे आता काही करायचं नाहीये.

राहता राहिला 'शिसं नकोच' म्हणणारा मित्र. तो मला सगळ्यात शहाणा वाटतो. अण्णांच्या वेळी हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही पोरं शिशाचे मणी हातात खेळवायचो! आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठली पातळीच नाही, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वात जास्त. तुझ्या घरात चार वर्षांची पोर आहे, ते मटण तिच्या ताटात जाणार आहे. वेगवान रायफलच्या गोळीचे कण मांसात दूरवर पसरतात, त्या मानाने ठासणीची मऊ गोळी बहुधा एकसंध राहते, हे खरं. तरी जखमेच्या भोवतीचं मांस हात राखून नव्हे, सढळ हाताने कापून टाक. आणि आतडी-कोथळा जंगलात उघड्यावर टाकून येऊ नकोस, पुरून टाक.

ते का, तर पुन्हा गिधाडंच. कॅलिफोर्नियात काँडोर नावाची प्रचंड मोठी गिधाडं आहेत. 1982 मध्ये ती जेमतेम बावीस उरली होती. मेलेल्या जनावरांच्या अंगातलं शिसं पोटात जाऊन ती मरतात, म्हणून त्या राज्याने 1 जुलै 2019 पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी घातली, ठासणीच्या बंदुकीलाही सूट नाही. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधामुळे गेली, त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर अजून थोडी घरटी आहेत. पण 1968 च्या त्या सकाळची गिधाडं आठवली की आता वाटतं, आमचे ते मूठभर छर्रे शेवटी कुणाच्या पोटात गेले असतील? ती डबी अजून संपलेली नाही म्हणायची.

शिशाऐवजी बिस्मथची गोल गोळी मिळते म्हणे तुमच्याकडे. ती शिशापेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने हलकी आणि ठिसूळ. म्हणजे जोर आणखी कमी. मग काय करायचं? अंतर आणखी कमी करायचं. सगळे रस्ते फिरून तिथेच येतात बघ.

तर भाचेबुवा, मामाचं उत्तर थोडक्यात असं. गोल गोळी. तुझ्या नळीत बसेल तेवढी मोठी. जमलं तर बिस्मथची, नाहीतर मऊ शिशाची, एकेक तोलून घेतलेली. मोसमाच्या आधी कागदाच्या ताटलीवर सराव कर. पाच बारांच्या पाचही गोळ्या जितक्या पावलांवरून ताटलीत पडतात, तेवढंच तुझं अंतर. ते पस्तीस निघालं तर पस्तीस. छत्तिसाव्या पावलावर हरीण उभं असेल, उजेड जात असेल, मित्र बघत असतील, तरी बंदूक खाली. रिकाम्या हाताने घरी ये आणि आईला फोन कर, ती खूश होईल.

आणि निघण्याआधी डबी स्वतः उघडून बघ. दुसऱ्या कुणाला आणायला सांगू नकोस.

साचा माझ्याकडे आहे, पेटीत तळाला. तो मागू नकोस, शस्त्रांच्या कायद्यात अशी वस्तू पाठवणं बसत नाही आणि मला पाठवायचाही नाही. बंदुकीबरोबर तोही पोलिसांत जमा करायला हवा होता, तेव्हा हात झाला नाही. तू फोन केलास म्हणून परवा काढून बघितला. गंज चढलाय, पण आतली खोबण अजून गुळगुळीत आहे. उद्या पोलीस स्टेशनला जाऊन विचारतो, काय करायचं त्याचं.

असो. बरंच लांबलं. बहिणीला रात्री फोन करतो, तोवर तिने हे वाचलेलं असेल.